रानभाज्यांवर लिहायचंय? नोंदवहीपासून मानधनापर्यंत

शेवळं बाजारात येतात ती मृगाच्या आगेमागे, आणि दोन-तीन आठवड्यांत दिसेनाशी होतात. पुरवणीचा संपादक मात्र शेवळांवरचा लेख मे महिन्यातच मागतो. म्हणजे लेख लिहायला बसता तेव्हा शेवळं नसतात आणि शेवळं येतात तेव्हा लेख छापून झालेला असतो. दिवाळी अंकाचंही तसंच. त्यांचा बराचसा मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत संपादकाच्या हाती गेलेला असतो, त्यामुळे शरदातल्या रानावर लिहायचं ते भर पावसात बसून.

खाणं आणि रान या दोन्हींवर एकत्र लिहिणाऱ्याच्या कामाची सगळी मांडणी या अडचणीतून ठरते. यंदा जे पाहाल, ते पुढच्या वर्षी छापून येईल. म्हणून पहिलं वर्ष लेख पाठवण्याची घाई करू नका. ते वर्ष नोंदींचं.

नोंदवहीत काय हवं

तारीख लिहाच, शेजारी तिथी आणि नक्षत्रही लिहा. गावातली माणसं ‘आर्द्रा लागल्या की’, ‘नागपंचमीच्या आत’ अशा भाषेत हंगाम सांगतात, आणि वर्षभराने दोन नोंदी ताडून पाहायच्या तर दोन्ही खुणा लागतात. मग गाव, तालुका, आणि झाड नेमकं कुठे उगवलंय ते: बांधावर, कातळावर, गवताळ उतारावर, ओढ्याकाठी की रस्त्याच्या कडेला. झाडाची अवस्थाही हवी. ‘टाकळा मिळाला’ या नोंदीचा उपयोग नाही. ‘टाकळा, वीतभर उंच, चार-पाच पानं, फूल नाही’ ही कामाची नोंद. फुलावर आलेल्या टाकळ्याची पानं जून आणि कडवट लागतात, आणि ‘कधीपर्यंत खुडायचा’ हाच तर वाचकाचा प्रश्न असतो.

नाव जसं कानावर पडलं तसंच लिहा, प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. फोडशीला कुणी कुलू म्हणतं. करटोली, कर्टुलं, कंटोली ही एकाच वेलाच्या फळाची नावं. नावाशेजारी सांगणाऱ्या व्यक्तीचं गाव लिहा. दोन वर्षांनी या नोंदींतूनच कोणतं नाव कुठपर्यंत चालतं याचा नकाशा उभा राहतो, आणि तो इतर कुठे तयार मिळत नाही.

आठवडे बाजारात जाताना छोटा वजनकाटा जवळ ठेवा. जुडीचा भाव आणि जुडीचं वजन दोन्ही टिपा, कारण पावसाळा पुढे सरकतो तशी भाव तोच ठेवून जुडी बारीक किंवा जाड होते. टोपलीत सोबत काय आहे तेही पाहा. शेवळांशेजारी काकडाची हिरवी आंबट फळं ठेवलेली असतील, तर ती विक्री आणि पाककृती दोन्ही सांगतात.

नोंद त्याच दिवशी संध्याकाळी पूर्ण करा. उद्यावर टाकली की भाव, नावं आणि गावं एकमेकांत मिसळतात.

ओळख चुकली तर सगळं चुकलं

इतर विषयांतल्या चुकीने लेखकाची नाचक्की होते. इथल्या चुकीने वाचक आजारी पडतो. त्यामुळे या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या.

टाकळ्याचंच उदाहरण घ्या. त्याचा जवळचा भाऊबंद कासविंदा त्याच पडीक जागेत, त्याच पावसात उगवतो आणि फुलंही तशीच पिवळी. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने लहान मुलांच्या यकृतावर, स्नायूंवर आणि मेंदूवर घातक परिणाम झाल्याचं वैद्यकीय अभ्यासातून दिसलं आहे. दोघांतला फरक असा: टाकळ्याच्या एका पानाला पर्णिकांच्या (म्हणजे पानाच्या दांडीवरच्या छोट्या पानांच्या) साधारण तीन जोड्या, पर्णिका टोकाशी रुंद आणि बोथट. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, पर्णिका टोकदार, चुरगाळल्यावर उग्र वास. कासविंद्याच्या पानाच्या देठावर बुडाशी, खोडालगत, एक ठळक ग्रंथी असते. टाकळ्याच्या ग्रंथी त्याहून वर, खालच्या पर्णिका-जोड्यांच्या मधे असतात. शेंगा धरल्यावर प्रश्नच उरत नाही: टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकलेली, कासविंद्याची चपटी आणि रुंद. लेखात ‘नीट ओळखून घ्या’ असं लिहून वाचकाला वाऱ्यावर सोडू नका. हा फरक लिहा, आणि शक्य तर दोन्हींच्या पानांचा फोटो शेजारी शेजारी द्या.

कंदांच्या बाबतीत याहून कडक नियम. कळलावीच्या गाठींमध्ये कोल्चिसिन हे विष असतं, आणि खणलेली गाठ खाण्याचा कंद समजून पोटात गेल्याने माणसं दगावली आहेत. जंगली कंदांपैकी काही कापून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवल्यावरच खाण्याजोगे होतात, आणि ती कृती पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांनाच नीट ठाऊक असते. अशा कंदांवर लिहायचं तर खाण्याची परंपरा लिहा, घरी करून पाहायची कृती देऊ नका. रानातल्या अळंब्यांचंही तेच. वारुळावरच्या अळंबीचं कौतुक जरूर करा, पण फोटो पाहून ओळखायला शिकवू नका.

ओळख पक्की करण्याचे टप्पे तीन आहेत आणि तिन्ही लागतात.

पहिला टप्पा, ती भाजी दर वर्षी खाणारं माणूस. किमान तीन वेगवेगळ्या घरांतून किंवा गावांतून खात्री करा. एकाच घरातल्या तिघांनी सांगितलं तर ते एकच धरा.

दुसरा टप्पा वनस्पतिशास्त्राचा. पूर्ण झाड, पानाची वरची आणि खालची बाजू, पान खोडाला जोडलेली जागा, फूल, फळ असे वेगवेगळे फोटो घ्या. प्रत्येकात मोजपट्टी दिसू द्या. नुसत्या पानाच्या फोटोवरून ओळख मागितली की उत्तर अंदाजाने मिळतं. आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, ईफ्लोरा ऑफ इंडिया इथे जाणकार मंडळी मदत करतात. मोबाइलच्या ॲपने सुचवलेलं नाव मात्र फक्त शोधाची सुरुवात समजा. शंका उरली तर नमुना दाबून वाळवा: वर्तमानपत्राच्या घडीत झाडाची फांदी फुला-फळासह पसरायची, वर वजन ठेवायचं, आणि कागद रोज बदलायचा. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते. सोबत तारीख, ठिकाण आणि फुलाचा ताजा रंग लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण वाळल्यावर रंग उडतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, इथे वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत. आधी पत्र लिहून वेळ मागा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मात्र पानही तोडू नका. तिथे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ लागू होतो.

तिसरा टप्पा शास्त्रीय नावाचा. नावं बदलतात. भारंगी पूर्वी क्लेरोडेंड्रम सेराटम होती, आता रोथेका सेराटा आहे. टाकळा कॅसियातून सेनात गेला. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर सध्याचं मान्य नाव मिळतं. लेखात नवं नाव द्या, नोंदवहीत दोन्ही ठेवा, म्हणजे जुने संदर्भ शोधताना अडणार नाही.

पाककृती लिहिताना

रानभाजीच्या पाककृती फसतात त्या बहुधा एकाच कारणाने: सांगणाऱ्या बाईला जी पायरी सांगण्याची गरज वाटत नाही, ती लेखकाने विचारलेलीच नसते. शेवळाच्या आतल्या दांडीवरचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा असतो. ज्यांच्या घरी ही भाजी होते त्यांना हे इतकं सवयीचं असतं, की बोलताना ते निसटतं. मग वाचक अख्खं शेवळ चिरतो आणि घसा खाजवत बसतो. ही खाज येते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. काकडाचा रस, चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलं की ती मरते, म्हणून शेवळाच्या कृतीत आंबट पदार्थ ‘चवीनुसार’ असा लिहिता येत नाही. मोजून लिहावा लागतो.

म्हणून कृती ऐकून लिहू नका. निवडण्यापासून ताटात वाढेपर्यंत शेजारी बसून पाहा. काय फेकलं, ते कचऱ्याच्या ढिगात हात घालून बघा. फोडशीच्या पात्यांच्या बुडाशी माती अडकते आणि तिथला पांढरा भाग चिवट असतो. तो किती काढला ते बोटांनी मोजा. भारंगीची पानं उकडून पाणी पिळून टाकलं का, किती वेळ उकडली, हे घड्याळ लावून टिपा. नाहीतर कडू भाजीचा दोष वाचक भारंगीला देईल.

मापं ठरवून घ्या. घराघरातली वाटी १०० ते २०० मिलीलीटरपर्यंत काहीही असते. लेखाच्या तळाशी ‘इथे वाटी म्हणजे १५० मिली, मोठा चमचा १५ मिली, लहान चमचा ५ मिली’ असं एकदाच लिहा आणि पाळा. पालेभाजी वाट्यांनी मोजू नका, कारण पाला दाबून भरला की सैल यावर माप दुप्पट होतं. तीन वजनं द्या: आणलेली जुडी, निवडलेला पाला, शिजलेली भाजी. ‘चार जणांना पुरेल’ हे त्या तिसऱ्या वजनावरून ठरवा. मग तीच कृती शहरातल्या गॅसवर, बाजारातून दोन दिवसांनी आलेल्या पाल्यावर करून पाहा. चुलीवरचा वेळ गॅसला लागू पडत नाही आणि शिळ्या पाल्याला पाणी जास्त लागतं. शेवटी, ती भाजी कधीही न केलेल्या एखाद्याला नुसता कागद देऊन करायला सांगा आणि तोंड बंद ठेवून पाहा. तो जिथे थांबून प्रश्न विचारेल, तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे.

औषधी गुणांबद्दल हात आखडता ठेवा. ‘मधुमेह बरा होतो’, ‘रक्त शुद्ध होतं’ असली वाक्यं संपादकाला हवी असली तरी देऊ नका. पोषणाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांत पाहा. तिथे ती भाजी नसेल तर आकडा देऊच नका. उलट ज्या सूचना द्यायला हव्यात त्या विसरल्या जातात: घोळ, माठ, अळू यांत ऑक्झॅलेट बरंच असतं, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपावं. महामार्गाच्या कडेचा आणि कारखान्याच्या सांडपाण्याजवळचा पाला घेऊ नये. शेताच्या बांधावरची भाजी खुडण्याआधी तिथे तणनाशक मारलं आहे का, ते मालकाला विचारावं.

ज्यांचं ज्ञान, त्यांचं नाव

हे ज्ञान ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, भिल्ल बायकांनी जपलेलं आहे. त्यांना भेटायला जाताना पाणी भरण्याची, लावणीची वेळ टाळा. बाजारात विक्रीच्या भर गर्दीत मावशींना प्रश्न विचारत बसलात तर त्यांचं गिऱ्हाईक जातं. आधी भाजी विकत घ्या, आणि सविस्तर बोलायचं असेल तर बाजार उठण्याच्या सुमारास बोला किंवा ‘घरी येऊ का’ असं विचारून जा. अर्धा दिवस शिकवल्यावर त्या दिवसाची मजुरी देणं योग्यच आहे. ही गोष्ट आधी ठरवा, म्हणजे दोघांनाही अवघड होत नाही.

लेखात नाव आणि फोटो येईल हे स्पष्ट सांगून होकार घ्या, नको म्हटलं तर गाव आणि समाजाचा उल्लेख करा. ‘स्थानिक लोक सांगतात’ एवढ्यावर भागवणं हा अन्याय आहे. काही गोष्टी, विशेषतः औषधाच्या, सांगतात पण छापू नको म्हणतात. मग छापायच्या नाहीत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. ग्रामपंचायतीत जाऊन त्या मागा. नोंदवही कशी लिहिली गेली आहे यावरूनही बरंच कळतं. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावर (लाकूड सोडून जंगलातल्या झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या गोष्टींवर) वननिवासींचा हक्क मान्य केला आहे, त्यामुळे ‘जंगलातून फुकट आणलेली भाजी’ हे शब्द लिहिण्याआधी थांबा.

ठिकाण किती उघड करायचं हे झाडावर अवलंबून असतं. टाकळा आणि कुर्डू कुठे मिळतात हे सांगून काही बिघडत नाही. कंदीलपुष्पांची गोष्ट वेगळी. सह्याद्रीतल्या त्यांच्या कित्येक जाती दुर्मीळ आहेत, गुराखी त्यांचे कंद खातात, आणि कंद काढला की झाड संपतं. अशा झाडाचा डोंगर सोडाच, तालुकाही लिहू नका. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असते, तीही काढून टाका. आयनॅचरलिस्टवर जागा अस्पष्ट ठेवण्याची सोय आहे. आणि काढणीची पद्धत प्रत्येक लेखात हवी. फोडशीची पानं वरून कापली तर मुळं जमिनीत राहतात आणि ती पुन्हा फुटते, उपटली तर पुढच्या वर्षी तिथे काही नाही.

लेख बांधताना

‘पावसाळा आला की धरतीने हिरवा शालू नेसला’ या वाक्याने सुरू होणारे लेख संपादकाकडे ढिगाने येतात. तुमच्या नोंदवहीतली सर्वांत नेमकी गोष्ट पहिल्या परिच्छेदात घ्या. करटोलीचा वेल लावला, फुलला, पण फळ धरेना, ही तक्रार बागकाम करणाऱ्या अनेकांची असते. या वेलात नर आणि मादी वेगळे असतात, आणि आठ-दहा मादी वेलांमागे एक तरी नर वेल लागतो. इथून लेख सुरू केला तर वाचक रानात आपोआप येतो, आणि शेवटी काचऱ्या करायलाही थांबतो.

८०० शब्दांच्या लेखात एकच भाजी घ्या. ढोबळ वाटणी अशी: ओळख आणि अधिवास २५०, माणसं आणि बाजार २००, कृती २५०, उरलेले १०० धोका आणि काढणीसाठी. बारा भाज्यांचा एक लेख लिहिण्यापेक्षा बारा लेख लिहा. सणांशी जोड असेल तर ती तारीख धरून ठेवा: आषाढी द्वादशीला उपास सोडताना वाघाटीची भाजी, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाविना उगवलेल्या भाज्या. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ठिकठिकाणी भरतात, त्याच्या आधी दोन आठवडे संपादकांना असा मजकूर हवा असतो.

पाठवणं, पैसे, करार

पुरवणीसाठी हंगामाच्या सहा आठवडे आधी, दिवाळी अंकासाठी एप्रिल-मेमध्ये प्रस्ताव पाठवा. दीडशे शब्द पुरतात: कोणती भाजी, तुमच्याकडे नवं काय आहे, किती शब्द, फोटो किती आणि कुणाचे, मजकूर केव्हा मिळेल. पूर्ण लेख सोबत जोडू नका. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण द्या, मग दुसरीकडे पाठवा. एकाच वेळी दोघांना नको. फोटो छापायला ३०० डीपीआय लागतं, म्हणजे सहा इंच रुंद फोटोसाठी १८०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो त्यात बसेलच असं नाही.

मानधन किती आणि कधी हे लेख लिहिण्याआधी, लेखी विचारा. त्यात संकोच नको. मराठी लेखांच्या मानधनावर घर चालत नाही हे गृहीत धरून जोडकामं आखा: भाषांतर, संपादन, संस्थांसाठी दस्तऐवजीकरण, आकाशवाणीची भाषणं, शाळांच्या कार्यशाळा, पावसाळी रानफेऱ्या. एखाद्या रिसॉर्टने पैसे देऊन लिहायला सांगितलं तर लेखातच तसं जाहीर करा.

पुस्तकाच्या करारात एक ओळ सर्वांत आधी वाचा: रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर? ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट जाऊन उरलेल्या १८० रुपयांवर १० टक्के असतील तर १८. हजार प्रतींमागे बारा हजारांचा फरक पडतो. हक्कांबाबत कॉपीराइट कायदा, १९५७ लेखकाच्या बाजूने आहे: हस्तांतरण लेखी असावं लागतं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून ‘सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांत’ असा मजकूर दिसला तर खोडून छापील मराठी आवृत्तीपुरतं लिहा. ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, भाषांतर वेगळं ठेवा.

मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. छपाईच्या जुन्या फाँटात रूपांतर होताना ‘ऱ्हास’, ‘ॲ’, जोडाक्षरं मोडतात, आणि शास्त्रीय नावं तर हमखास. त्यामुळे मुद्रितशोधन मागून घ्या आणि त्यात सर्वांत आधी फोटोंखालच्या ओळी तपासा. पान लावताना टाकळ्याची ओळ कासविंद्याच्या फोटोखाली गेली, तर आतला मजकूर कितीही बरोबर असून उपयोग नाही. तरीही तसं छापून आलंच, तर त्याच दिवशी संपादकाला फोन करा, दुरुस्तीचा मजकूर स्वतः लिहून द्या, ऑनलाइन आवृत्तीतला फोटो लगेच बदलून घ्या आणि पुढच्या अंकात दुरुस्ती दोन्ही फोटोंसह छापायला सांगा.